शहामृगाच्या अंड्यावरच्या रेघा

महाराष्ट्रात एके काळी शहामृग होते असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. शहामृग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आफ्रिका येते, नाहीतर प्राणिसंग्रहालयाचं कुंपण. पण शेवटच्या हिमयुगात दख्खनचा बराचसा भाग आजच्याहून कोरडा होता, लांबच लांब गवताळ माळरानं होती आणि त्यांवरून हा दांडगा पक्षी धावत होता. त्याच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे खानदेशापासून माळव्यापर्यंत मातीत मिळतात. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी राजस्थानातल्या अशाच कवचांतून डीएनए मिळवला आणि २०१७ साली जाहीर केलं, की हा आफ्रिकेतल्या शहामृगाचाच सख्खा भाऊबंद. तेव्हा हसणं पुरे.

अशा एका अंड्याचा तुकडा जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे सापडला. १९७२-७३ साली एस. ए. साळी तिथे उत्खनन करत होते. पुढे दायमाबादच्या उत्खननामुळे त्यांचं नाव जास्त लोकांच्या कानावर गेलं. पाटण्याचं काम मात्र अभ्यासकांपुरतंच राहिलं. त्या कवचाच्या तुकड्यावर कोरीवकाम आहे. काय, तर समांतर रेघा आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यांत एकमेकींना छेदत गेलेल्या तिरप्या रेघांची जाळी. बास. रेडिओकार्बन पद्धतीने त्याचा काळ निघाला साधारण २५,००० वर्षांपूर्वीचा. त्याच कवचाचे मणीही तिथे मिळाले.

ना हरिण, ना भाला उगारलेला शिकारी, ना हातात हात घालून नाचणारी माणसं. मध्य प्रदेशातल्या भीमबेटक्याची शैलचित्रं बघून आलेला माणूस घरी येऊन चार लोकांना सांगतो. पाटण्याच्या तुकड्याबद्दल कोण कोणाला काय सांगणार? दाखवायला काही नाही. तरीही गेली काही वर्षं मी आदिम कलेबद्दल जे मिळेल ते वाचते आहे, आणि माझं मन फिरून फिरून या जाळीपाशी येतं. माणूस आपल्यासारखा विचार कधी करू लागला, या प्रश्नाचं उत्तर लोक गुहेतल्या बैलांमध्ये आणि सिंहांमध्ये शोधतात. मला ते या रेघांमध्ये जास्त सापडतं असं वाटतं. का, ते जरा सविस्तर सांगते.

आधी एक शंका. ही नक्षी माणसाने केली कशावरून? शंका रास्त आहे, कारण हा घोटाळा खरोखर झालेला आहे. मध्य प्रदेशात आणि राजस्थानात शहामृगाच्या अंड्यांची बरीच कवचं मिळाली आणि त्यांतल्या कितीतरी तुकड्यांवर कोरीवकाम आहे असं जाहीर झालं. बारीक खाचा, फाटे, जाळ्या, सगळं काही. मग शैलकलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी ते तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि बहुतेकांचं कोरीवकाम उतरवून टाकलं. मातीत पडलेल्या कवचाला झाडांची बारीक मुळं चिकटतात, मुळांलगत कवच रासायनिक क्रियेने झिजतं आणि तिथे खाच पडते. कलाकार निघाला एखाद्या झुडपाचा मुळांचा झुपका. पाटण्याचा तुकडा मात्र या परीक्षेत टिकला.

मूळ आणि माणूस यांच्या रेघेत फरक काय? मुळाची खाच गोलसर असते, वाकडीतिकडी भटकते, तिला फाटे फुटतात, जाडी कमी-जास्त होते. दगडी हत्याराच्या टोकाने ओढलेली रेघ सरळ जाते, तिचा तळ अरुंद असतो, आत बारीक समांतर ओरखडे दिसतात, आणि दोन रेघा एकमेकींवरून गेल्या असतील तर कोणती आधीची, कोणती नंतरची हे कळतं. पण हे झालं तंत्र. मला स्वतःला सगळ्यात मोठा फरक वाटतो तो रेघेच्या शेवटाचा. जाळीची तिरपी रेघ कडेच्या समांतर रेघेपाशी येते आणि थांबते. मूळ थांबत नाही; जिकडे ओल तिकडे ते जातं. थांबायचं कुठे, हे आधी ठरलेलं असावं लागतं. हात चालत असताना डोक्यात एक चौकट असावी लागते आणि हाताने तिचं ऐकावं लागतं.

हे मी नुसतं वाचून लिहीत नाही. दिवाळीआधी तुळशी वृंदावनाला लावायला गेरू आणला होता, त्यात एक बरासा घट्ट खडा निघाला. खडकाळ रस्त्याच्या कडेला सापडलेली गारगोटी फोडून तिचा धारदार कपचा काढला आणि बसले रेघा मारत. पहिल्या बाजूच्या तिरप्या रेघा झकास आल्या. दुसऱ्या बाजूच्या मारायला घेतल्या आणि पंचाईत झाली. हत्यार आधीच्या खाचेत अडकतं आणि खाचेबरोबरच पळू लागतं. जोर लावला तर छेदाच्या ठिकाणी टवका उडतो. आणि कडेची रेघ नंतर मारायची म्हटलं तर तिरप्या रेघांची टोकं आधी एका ओळीत यावी लागतात, ती येत नाहीत. माझी जाळी बघून घरातल्यांनी विचारलं, मांजराने खेळायला घेतला होता का? मुद्दा असा, की ही वरवर साधी दिसणारी नक्षी हाताला साधी नाही. ती शिकावी लागते. आणि शिकायची म्हणजे कोणीतरी शिकवणारं हवं, निदान ज्याचं बघून करावं असं कोणीतरी शेजारी बसलेलं हवं.

गेरूचा खडा काही उगाच निवडला नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्लॉम्बोस नावाची गुहा आहे, समुद्राकडे तोंड केलेली. क्रिस्टोफर हेन्शिलवूड १९९०च्या दशकापासून तिथे खोदतायत. २००२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेरूचे दोन कोरलेले तुकडे जगापुढे आणले. त्यांतला मोठा साधारण साडेसात सेंटीमीटर लांबीचा आहे. आधी त्याची एक बाजू घासून सपाट केलेली. मग त्यावर तिरप्या रेघांची जाळी. आणि जाळीच्या वर, खाली आणि बरोबर मधून आडव्या रेघा. काळ सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचा. पाटण्याच्या तुकड्याहून तिप्पट जुना आणि समुद्रापलीकडचा, पण दोन्हींची चित्रं शेजारी ठेवली तर पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, एकाच घरातली वस्तू आहे.

ब्लॉम्बोसने नंतरही बरंच काही दिलं. भोकं पाडलेले छोटे समुद्री शंख, ओवून घातल्याने घासलेले. समुद्री शिंपल्यांत कालवून ठेवलेला गेरूचा लेप, सोबत दळायचे दगड, हाडं आणि कोळसा, १,००,००० वर्षांपूर्वीचा; रंगाचा संचच म्हणा ना. आणि २०१८ साली जाहीर झालेला दगडाचा एक छोटा कपचा, ज्यावर कोरून नव्हे तर गेरूच्या टोकाने काढलेल्या लाल रेघा आहेत: सहा एका दिशेने आणि तीन त्यांना छेदणाऱ्या, जराशा वळलेल्या. काळ ७३,००० वर्षं. इथेही टोकांकडे बघा. या रेघा कपच्याच्या कडेला तटकन तुटतात, म्हणजे चित्र मोठं होतं आणि दगड नंतर फुटला. उत्खननातले दगड प्रयोगशाळेत धुऊन तपासताना कोणाच्या तरी लक्षात आलं, की हा लाल रंग नैसर्गिक नाही. असे किती दगड आजवर धुऊन, नंबर टाकून, डब्यात बंद करून ठेवले गेले असतील, या विचाराने मला अधूनमधून अस्वस्थ व्हायला होतं.

पण एक-दोन गेरूचे तुकडे म्हणजे काय, एखाद्याचा रिकामपणचा उद्योग असू शकतो. पाऊस पडतोय, गुहेत बसलाय, हातात दगड आहे. ओढल्या चार रेघा. मीटिंगमध्ये आपण वहीच्या समासात जे करतो तेच. या शंकेला उत्तर द्यायला दुसरी जागा लागते, आणि ती आहे डीपक्लूफ. हीसुद्धा दक्षिण आफ्रिकेतच, पश्चिमेकडे. पिएर-जाँ टेक्सिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली तिथले कोरलेले २७० तुकडे प्रसिद्ध केले. कशाचे? शहामृगाच्या अंड्याच्या कवचांचे. काळ सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीचा.

२७० तुकड्यांत एक-दोन माणसांची लहर बसत नाही. त्याहून महत्त्वाचं, नक्षीचे प्रकार मोजकेच आहेत. दोन लांब समांतर रेघा आणि त्यांच्यामध्ये आडव्या छोट्या रेघांची शिडी. नुसत्या जवळजवळ समांतर रेघा. एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. अशी ठरलेली चार-दोन घराणी. खालच्या थरात शिडीची नक्षी जास्त, वरच्या थरांत ती मागे पडून समांतर रेघांची चलती. म्हणजे परंपरा होती आणि परंपरेत फॅशनही बदलत होती. काही तुकड्यांवर अंड्याला वर पाडलेल्या भोकाची कड शाबूत आहे. ते भोक कशाला, हे सांगायला अंदाज बांधावा लागत नाही, कारण कालाहारीतले सान लोक अगदी अलीकडेपर्यंत हेच करत आले. शहामृगाच्या एका अंड्यात लिटरभर किंवा जास्तच पाणी मावतं. कवच दोनएक मिलिमीटर जाड, सहज फुटणारं नाही. वर भोक पाडायचं, आतलं खाऊन टाकायचं, अंडं धुऊन पाणी भरायचं, भोकाला गवताचा बोळा लावायचा. कोरड्या दिवसांसाठी अशी भरलेली अंडी वाटेवर जमिनीत पुरूनही ठेवायची.

म्हणजे ही नक्षी भांड्यावरची आहे. रोज हाताळायच्या, चार जणांत फिरणाऱ्या, पाण्याच्या भांड्यावरची.

इथे मला माझ्या आईच्या माळ्यावरची भांडी आठवल्याशिवाय राहत नाहीत. पितळेचे डबे, तांबे, पुढे आलेली स्टीलची ताटं आणि वाट्या. प्रत्येकावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव. ‘चि. सौ. कां. सुमन हिस आत्याकडून सप्रेम भेट’, खाली तारीख. दुकानदार भांडं वजन करून द्यायचा आणि पाठोपाठ विचारायचा, ‘ताई, नाव काय घालू?’ नाव घालण्याचे दोन उपयोग होते आणि ते एकमेकांत मिसळलेले होते. एक, पंगतीला आळीतून गोळा केलेली भांडी ज्याची त्याला परत जावीत. दुसरा, आत्याने काय दिलं हे आत्या गेल्यावरही दिसत राहावं. माझ्या घरात पाणी ज्या तांब्यातून प्यायलं जातं तो कोणी कधी दिला हे मला वाचता येतं, आणि ज्यांना मी कधी पाहिलंही नाही अशा एका मावसआजीचं नाव रोज माझ्या हाताखाली येतं.

डीपक्लूफच्या अंड्यांवर असं माणसाचं नाव घातलेलं होतं का? मला आधी तसंच वाटायचं, मोह पडतोच. पण क्रिस्टियान टिलेन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली एक प्रयोग केला. ब्लॉम्बोस आणि डीपक्लूफच्या जुन्या-नव्या नक्ष्या घेऊन त्यांनी आजच्या माणसांना दाखवल्या: कोणती चटकन नजरेत भरते, कोणती लक्षात राहते, कोणती पाहून पुन्हा काढता येते, कोणत्या दोन एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येतात. निष्कर्ष असा निघाला, की हजारो वर्षांच्या ओघात या नक्ष्या नजरेत भरायला, लक्षात ठेवायला आणि उतरवून काढायला सोप्या होत गेल्या. परंतु एकीला दुसरीपासून वेगळं ओळखणं तसं सोपं झालं नाही. लिपीतल्या अक्षरांना तर नेमकं तेच लागतं. क आणि ख यांत घोटाळा झाला तर सगळंच मुसळ केरात. तेव्हा ही अक्षरं नव्हेत आणि माणसा-माणसाची नावंही नव्हेत. माझ्या भांड्यांच्या भाषेत सांगायचं तर नाव नव्हे, आडनाव. हे अंडं अमक्याचं असं नाही, आमच्यातल्यांचं.

इतकं जरी असेल तरी ते पुष्कळ आहे. कारण आडनावाला अर्थ यायचा तर किमान दोन माणसं लागतात: एक खूण करणारं आणि एक ती खूण ओळखणारं. गुहेत एकट्या बसलेल्या प्रतिभावंताच्या डोक्यात एके दिवशी वीज चमकली आणि विचाराचा जन्म झाला, ही कथा मला कधीच पटली नाही. रिचर्ड क्लाइन या नामांकित अभ्यासकाने तर सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी मेंदूत घडलेल्या एखाद्या जनुकीय बदलाने हे सगळं घडवलं असावं असं मांडलं होतं. २००० साली सॅली मॅकब्रेअर्टी आणि ॲलिसन ब्रूक्स यांनी त्याला खणखणीत उत्तर दिलं: अशी क्रांती झालीच नाही, आफ्रिकेत हे सारं तुकड्या-तुकड्याने, हजारो वर्षं जमत गेलं. मोरोक्कोतल्या जेबेल इरूदचे आपल्या जातीचे अवशेष जवळजवळ ३,००,००० वर्षांपूर्वीचे आहेत. डोकी तेव्हापासून होती. त्या डोक्यांना एकमेकांत गुंतवणारी वहिवाट पडायला वेळ लागला.

मण्यांकडे बघितलं की ही गुंतवणूक आणखी स्पष्ट दिसते. कवचाचा मणी करणं हे चिकाटीचं काम. कवच फोडून नखाएवढे तुकडे करायचे, प्रत्येकाला मधोमध टोच्याने भोक पाडायचं, त्यात निम्मे फुटणार, कडा दाताने किंवा दगडाने बारीक टवके काढून गोल करायच्या, मग सगळे दोऱ्यात घट्ट ओवून खाच असलेल्या दगडावर घासायचे म्हणजे ते एका मापाचे होतात. एवढं करून तो मणी पोटात जात नाही की थंडी वारत नाही. आणि तरी तो लांब लांब फिरला. दक्षिण आफ्रिकेलगतच्या लेसोथोच्या डोंगराळ भागात मिळालेल्या मण्यांतल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याचं विश्लेषण २०२० साली झालं (त्यावरून कवच मुळात कुठल्या भागातलं ते ताडता येतं), तेव्हा काही मणी शंभर, काही त्याहून कितीतरी जास्त किलोमीटरवरून आलेले निघाले. सगळ्यात जुना सुमारे ३३,००० वर्षांपूर्वीचा. २०२२ साली जेनिफर मिलर आणि यिमिंग वांग यांनी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतले दीड हजारांहून अधिक मणी मोजून दाखवलं, की ५०,००० वर्षांपूर्वी या दोन्ही प्रदेशांतल्या मण्यांची घडण सारखी होती आणि पुढे ३३,००० वर्षांच्या सुमाराला हा धागा तुटला.

कालाहारीत आजच्या काळापर्यंत असे मणी नातेवाइकांना, लांबच्या स्नेह्यांना दिले जात. लगेच परतफेड करायची नसते. उलट लगेच केली तर नातं मिटवल्यासारखं दिसतं. आपल्या भागात पाऊस पडला नाही तर ज्याला मणी दिले त्याच्या भागात जायचं, आणि त्याने राहू द्यायचं. आत्याने दिलेल्या तांब्यामागचा हिशेब याहून फार वेगळा नव्हता, फक्त दुष्काळाची जागा मुलींच्या लग्नांनी घेतलेली होती. मण्यात साठवलेली असते ती एक आठवण आणि तिच्या आत एक भविष्य: कधीतरी वेळ येईल, तेव्हा मला ओळख. समोर नसलेल्या माणसाचा, अजून न आलेल्या वेळेचा विचार करणं, याला आधुनिक विचार म्हणायचं नाही तर कशाला?

आता विरुद्ध बाजूचे दोन पुरावे, कारण ते लपवून ठेवले तर मजा नाही. जावातल्या त्रिनिल इथे युजीन दुब्वा याने १८९० च्या दशकात गोळा केलेल्या शिंपल्यांपैकी एकावर नागमोडी कोरलेली रेघ आहे, हे शतकभर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. तिचं वय सुमारे ५,००,००० वर्षं, म्हणजे ती होमो इरेक्टसची, आपल्या जातीची नव्हेच. आणि जिब्राल्टरच्या गोरहॅम गुहेत खडकावर निअँडरथालांनी खोल कोरलेली रेघांची जाळी आहे, ३९,००० वर्षांहून जुनी. रेघा मारण्याची खाज केवळ आपल्यालाच होती असं म्हणून चालणार नाही. माझं म्हणणं इतकंच, की त्रिनिलचा शिंपला एकटा आहे. त्याच्या आधी-नंतर कोणी नाही. डीपक्लूफमध्ये शेकडो आहेत आणि ते एकमेकांकडे बघून केलेले आहेत. उद्या निअँडरथालांच्या गुहेत अशीच थरामागून थर टिकलेली नक्षी मिळाली, तर मी त्यांनाही आनंदाने पंगतीला बसवीन.

युरोपातल्या गुहांचं काय? आहेतच त्या अफाट. फ्रान्समधल्या शोव्हे गुहेच्या भिंतीवरचे सिंह आणि गेंडे पाहून कोणाचंही डोकं हलेल. पण त्यांच्या झगमगाटाने फार काळ डोळे दिपवले. १८७९ साली स्पेनच्या अल्तामिरा गुहेत सौतुओला हे हौशी संशोधक आणि त्यांची आठ वर्षांची लेक मारिया यांना छतावरचे बैल दिसले, तर तज्ज्ञांनी ती चित्रं खोटी ठरवली. रानटी माणसाला हे जमणं शक्य नाही म्हणून. त्या तज्ज्ञांतल्या एमिल कार्तेयाक यांनी १९०२ साली आपली चूक जाहीर कबूल केली, तोवर सौतुओला मरून १४ वर्षं झाली होती. गंमत म्हणजे अल्तामिराच्या दहा-बारा वर्षं आधीच, १८६७-६८ मध्ये, आर्चिबाल्ड कार्लाइल या पुरातत्त्व खात्यातल्या माणसाला मिर्झापूरजवळच्या सोहागीघाटात शैलचित्रं दिसली होती आणि ती अतिप्राचीन आहेत हेही त्याला कळलं होतं. त्याने छापलं नाही, टिपणं मित्राकडे ठेवली. मग शंभरेक वर्षं सगळी कलेची सुरुवात फ्रान्स-स्पेनमध्येच झाली असं पुस्तकं सांगत राहिली. २०२४ साली इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचं डुकराचं आणि माणसांचं चित्र किमान ५१,२०० वर्षांचं ठरलं, तेव्हा कुठे तो दिमाख उतरला.

पाटण्याकडे परत येते, कारण आपल्या या तुकड्यावर एक बऱ्यापैकी मोठा वाद टांगलेला आहे. पॉल मेलर्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडलं, की आपले पूर्वज ६०,००० वर्षांपूर्वीच्या आसपास आफ्रिकेतून किनाऱ्याकिनाऱ्याने भारतात आले आणि येताना बारीक पात्यांची हत्यारं, मणी आणि ही जाळीची नक्षी घेऊन आले. पुराव्यादाखल त्यांनी पाटण्याचा तुकडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या नक्ष्या शेजारी-शेजारी छापल्या. मायकेल पेट्राग्लिया आणि त्यांच्या गटाचं म्हणणं निराळं: माणूस त्याआधीच इथे आला होता, आंध्रातल्या ज्वालापुरमला टोबा ज्वालामुखीच्या ७४,००० वर्षांपूर्वीच्या राखेच्या खाली-वर हत्यारं मिळतात, आणि बारीक पात्यांची हत्यारं इथेच, इथल्या गरजेतून घडली.

मी मागे पाटण्याला गेले होते, तेव्हा हा वाद डोक्यात होता. चाळीसगावहून रस्ता सरळ डोंगराच्या कुशीत जातो. तीन बाजूंनी कडे, मधे झाडी, चंडिकादेवीचं मंदिर, वर पितळखोऱ्याची लेणी. पाटण्याची खरी ख्याती भास्कराचार्यांच्या नावाने: त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांना मिळाला. तो कुठला ते सांगायला लोक पुढे येतात. उत्खननाची जागा विचारली तर नारळाच्या टपरीवरचे काका म्हणाले, ‘ताई, लेणी वर आहेत. खाली काही नाही.’ त्यांचं बरोबरच होतं. खाली ओढ्याकाठची माती आहे, गारगोट्यांचे कपचे आहेत, शेतं आहेत. मी एक कपचा उचलून पाहिला आणि जागच्या जागी ठेवून दिला.

मेलर्स यांचा युक्तिवाद मला निम्मा पटतो. डीपक्लूफ आणि पाटणे यांच्यात ३५,००० वर्षांचं अंतर आहे. पिढी २५ वर्षांची धरली तर १,४०० पिढ्या. एवढ्या पिढ्यांत एक जाळी शिकवत-शिकवत खानदेशापर्यंत आली, तर मधल्या वाटेवर तिच्या काहीतरी खाणाखुणा दिसायला हव्यात. अरबस्तान, इराण, सिंध, गुजरात, कुठेही. त्या नाहीत. आणि दुसरीकडे, समांतर रेघांत छेद देणाऱ्या रेघा भरणं हे माणसाच्या डोळ्याला आणि हाताला इतकं सोयीचं आहे, की ते पुन्हा पुन्हा सुचू शकतं. गोरहॅमला निअँडरथालाला सुचलं, तसं इथेही. पण दोन्ही पक्ष नक्षीला गाठोड्यातल्या सामानासारखं धरतात: बरोबर आणली की इथे केली? मला वाटतं, बरोबर येते ती खूण करण्याची आणि खूण मानण्याची सवय. भीमबेटक्याला विष्णू श्रीधर वाकणकरांनी केलेल्या उत्खननात पुरलेल्या माणसाच्या गळ्यापाशी शहामृगाच्याच कवचाचे मणी मिळाले. कोणीतरी ते केले, कोणीतरी घातले, आणि मेल्यावर ते काढून घ्यायचे नाहीत हे मागे राहिलेल्यांना कळत होतं.

म्हणून उद्या पाटण्याच्या मातीत आणखी एक कोरलेलं कवच मिळालं, तर मी त्याचं वय दुसऱ्यांदा विचारीन. आधी विचारीन, दोन्ही तुकड्यांवरची जाळी एकाच हाताची आहे की वेगवेगळ्या हातांची. एकाच हाताची निघाली, तर ती एखाद्या हौशी माणसाची करामत, आणि त्याला माझा नमस्कार. वेगळ्या हातांची निघाली, एकाच्या रेघा नेटक्या आणि दुसऱ्याच्या माझ्यासारख्या कडेबाहेर गेलेल्या, तर मग मेलर्स आणि पेट्राग्लिया यांनी खुशाल भांडावं. त्या ओढ्याकाठी २५,००० वर्षांपूर्वी कोणीतरी कोणाला तरी ‘इथे थांब’ म्हणून शिकवत होतं.